वडिलांना ‘ही’ म्हणायचं कसं? मोठ्या माणसांचं इंग्रजी तपासताना

प्रश्न : मी निवृत्त बँक अधिकारी. कोल्हापुरात, राजारामपुरीत आमच्या घरी दर रविवारी सकाळी दहा-बारा मोठी माणसं इंग्रजी लिहायचा सराव करायला जमतात. फी घेत नाही. प्रत्येकाची वही ठेवून घेतो, शब्द न् शब्द तपासतो, शेवटी दोन बरे शब्दही लिहितो. कधी कुणावर रागावलो नाही. तरी तीन महिन्यांत निम्मी मंडळी गळाली. एका वहीच्या पानाचा फोटो सोबत आहे. हे गृहस्थही गेले दोन रविवार आलेले नाहीत. माझं नेमकं काय चुकतंय?

उत्तर :

पान पाहिलं. आधी लाल खुणा मोजल्या, चौदा निघाल्या. मग मजकूर वाचला. हा क्रम मुद्दाम सांगतोय, कारण वही हातात पडल्यावर त्या गृहस्थांनीही याच क्रमानं पाहिलं असणार.

वाचणाऱ्यांसाठी तो मजकूर इथं देतो. ‘माय फादर वेअर गुळव्या इन गुऱ्हाळ. दे वेअर व्हेरी स्ट्रिक्ट. वन डे आय हॅड गॉन विथ देम. इन नाइट जूस वॉज बॉयलिंग अँड आय वॉज सिटिंग निअर फायर. फादर टोल्ड मी दॅट आय विल नॉट ब्रिंग यू हिअर अगेन.’ सहाच ओळी. खाली तुमचा शेरा : ‘गुड. इम्प्रूव्ह ग्रामर.’

तुमच्या चौदापैकी बारा दुरुस्त्या बिनचूक आहेत. दोन ठिकाणी मात्र त्या गृहस्थांचंच बरोबर होतं. ‘गुळव्या’ खोडून तुम्ही ‘वर्कर’ केलंत आणि ‘गुऱ्हाळ’ खोडून ‘जॅगरी फॅक्टरी’. अहो, गुळव्या म्हणजे साधा कामगार नव्हे. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणारा माणूस तो, घाण्याचा सगळा नफातोटा त्याच्या अंदाजावर. आणि चुलवाणाच्या उजेडात रात्रभर चालणाऱ्या गुऱ्हाळाला फॅक्टरी म्हटलं की ते गुऱ्हाळ उरतच नाही. हे शब्द तसेच राहू द्यायचे आणि शेजारी पेन्सिलीनं लिहायचं, ‘कोल्हापूरबाहेरच्या माणसाला गुळव्या कोण हे कळायचं नाही, एका वाक्यात सांगता का?’ परक्या भाषेत आपल्या घरची गोष्ट समजावणं, यापेक्षा चांगला सराव मला तरी माहीत नाही. मी शिकवायला लागलो त्याला चोवीस वर्षं झाली. व्याकरणाच्या दहा पानांतून जे येत नाही ते अशा एका वाक्यातून आलेलं पाहिलंय.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही रागावत नाही, गोड बोलता, हे खरंच असणार. पण त्यानं फारसं काही होत नाही. त्या माणसानं तुम्हाला एक गोष्ट सांगितली : रात्र, उकळता रस, जाळाशेजारी बसलेला पोरगा, आणि ‘परत इथं आणणार नाही’ म्हणणारा बाप. कट्ट्यावर बसून कुणी हे सांगितलं असतं तर तुम्ही लगेच विचारलं असतं, ‘का हो? काय झालं होतं?’ वहीत मात्र तुम्ही म्हणालात, ‘इम्प्रूव्ह ग्रामर.’ माणूस दुखावतो तो इथं. लाल शाई त्यानं शाळेपासून पाहिली आहे, तिचं त्याला काही नाही. आपलं कुणी वाचलंच नाही, हे मात्र लागतं.

म्हणून माझ्या वर्गात नियम असा की आधी मजकुराला उत्तर द्यायचं, चुकीला नंतर. वहीत पहिली ओळ माझी असते आणि ती प्रश्न असते, साध्या इंग्रजीत. प्रश्नही असा, की त्याचं उत्तर फक्त त्यालाच ठाऊक. म्हणजे पुढच्या रविवारी त्याला उत्तर लिहून आणावंच लागतं, आणि सराव आपोआप चालू राहतो.

चुका मग सोडून द्यायच्या का? नाही. निवडायच्या. बँकेत एका रुपयाचा फरक निघाला तरी ताळा जुळेपर्यंत कुणी घरी जात नसे, ती सवय तुमच्या हातात आहे आणि ती तिथं योग्यच होती. वहीत ताळा जुळवायचा नसतो. एका पानावर एका जातीची चूक, फार तर दोन. कुठली निवडायची? मी दोन प्रश्न विचारतो. वाचणाऱ्याचा गैरसमज होतोय का? आणि ही चूक मराठीतून आली आहे का?

दुसऱ्या प्रश्नावर जरा थांबतो, कारण माझं सगळं शिकवणं त्याच्यावर उभं आहे. तुमच्या पानावरच्या बहुतेक चुका चुका म्हणून जन्मलेल्याच नाहीत. ते चोख मराठी आहे, फक्त कपडे इंग्रजी. ‘माझे वडील गुळवे होते. ते फार कडक होते.’ मराठीत वडिलांना एकवचन लावलं तर थोबाडीत बसेल. म्हणून ‘वेअर’, म्हणून ‘दे’, म्हणून ‘देम’. तुम्ही तीन ठिकाणी तीन लाल खुणा केल्यात. चूक एकच होती, आणि ती संस्कारातून आलेली.

माझ्याकडे शिरोली एमआयडीसीतले एक फाउंड्री फोरमन यायचे. हाताखाली चाळीस माणसं. त्यांना मी सांगितलं, इंग्रजीत आदरार्थी बहुवचन नाही, राजा असो की गडी, दोघंही ‘ही’. पटलं त्यांना. पुढच्या वहीत साहेबांना ‘ही’, शेजाऱ्याला ‘ही’, वडिलांना परत ‘दे’. मी नुसतं बोट ठेवलं तर म्हणाले, ‘सर, कळतंय सगळं. पण म्हाताऱ्याला अरेतुरे करायला हात धजंना.’ आता या माणसाला तुम्ही ‘ग्रामर सुधारा’ सांगणार? मी म्हटलं, ‘तुमच्या वाक्यात तुम्ही अरेतुरे करतच नाही आहात. इंग्रज त्याच्या बापाला हेच म्हणतो, आणि त्याच्या लेखी त्यात काही कमी नाही.’ तरी पंधरा दिवस लागले. लागू द्यायचे.

तसंच ‘हॅड गॉन’. ‘मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो’ हे मराठीत साधं, रोजचं वाक्य. ‘गेलो होतो’चं शब्दाला शब्द इंग्रजी ‘हॅड गॉन’. इंग्रजीत मात्र तिथं नुसतं ‘वेंट’ पुरतं. भूतकाळातल्या एका गोष्टीच्याही आधीची गोष्ट सांगायची असेल तेव्हाच ‘हॅड’ काढायचं. मी सांगतो : ‘पोलीस आले तेव्हा चोर पळाला होता. यातल्या चोराला हॅड द्या, पोलिसांना देऊ नका.’ हसतात, पण विसरत नाहीत.

शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं, कारण तिथं खरंच अर्थ उलटतो. ‘बाबा म्हणाले की मी तुला परत इथं आणणार नाही.’ मराठीत ‘की’नंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे येतात, अवतरणचिन्ह असो वा नसो. ‘मी’ म्हणजे बाबा. इंग्रजीत ‘दॅट’ लावलं की तो ‘आय’ लिहिणाऱ्याचा होतो, म्हणजे मुलगाच वाचणाऱ्याला ‘तुम्हाला परत आणणार नाही’ असं म्हणतोय, असं काहीतरी होऊन बसतं. ऑफिसच्या मेलमध्ये याचा घोळ होतो. ‘मॅनेजर टोल्ड दॅट आय विल पे’ असं लिहिलं तर पैसे कोण देणार? वहीच्या या पानावर मला एकच चूक निवडायची असती तर मी हीच निवडली असती. तुम्ही तिथं ‘दॅट’ खोडलंत, अवतरणचिन्ह घातलंत, पण का केलंत ते लिहिलं नाहीत. त्यामुळे ती चौदातली एक खूण होऊन राहिली.

चूक मराठीतून कशी आली हे दाखवलं की माणसाच्या खांद्यावरचं ओझं उतरतं. ‘मला येत नाही’ याच्या जागी ‘माझी भाषा असं म्हणते, त्यांची तसं म्हणते’ येतं. चाळीस-पन्नाशीच्या माणसाला याची फार गरज असते. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 सालापासून. तुमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांनी ए बी सी डी पाचवीत गिरवली असणार. आज त्यांचीच मुलं इंग्रजी माध्यमात, आणि बापाचं वाक्य वाचून घरात फिदीफिदी हसणारी. रविवारी तुमच्याकडे तो माणूस ते हसू चुकवायला येतो.

‘अ’ आणि ‘द’ यांच्याबद्दल थोडं वेगळं. मराठीत ही भानगड नाही, त्यामुळे हे सगळ्यात शेवटी येतं, आणि काहींना कधीच पुरतं येत नाही. तिथं प्रत्येक जागी खूण केली तर पान गोवर आल्यासारखं दिसतं. जॉन बिचनर आणि उटे नॉक यांनी न्यूझीलंडमध्ये इंग्रजी शिकणाऱ्या परदेशी मंडळींना फक्त दोनच वापरांवर दुरुस्ती दिली : पहिल्यांदा उल्लेख आला की ‘अ’, तीच वस्तू पुन्हा आली की ‘द’. बाकी चुकांना हात लावला नाही. त्याचा गुण दहा महिन्यांनंतरही टिकलेला दिसला. आपल्याला तर हे आजीनंच शिकवून ठेवलंय. ‘एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या.’ ‘एक’ तिथं ‘अ’, ‘त्या’ तिथं ‘द’. सूर्य-चंद्राचा ‘द’, हॉस्पिटलचा ‘द’ वगैरे पुढं कधीतरी. एका महिन्यात राजा आणि त्याचा ‘द’ एवढं झालं तरी खूप झालं.

चुका दाखवायच्या तरी कशा? मी पेन्सिल वापरतो आणि दुरुस्ती लिहीत नाही. ज्या ओळीत चूक आहे तिच्यासमोर समासात एक टिंब. दोन चुका असतील तर दोन टिंबं. रिचर्ड हॅसवेल या अमेरिकन प्राध्यापकांनी 1983 मध्ये ही रीत मांडली. त्यांच्या विद्यार्थ्यांना नुसत्या खुणेवरून निम्म्याहून जास्त चुका स्वतःच सापडल्या. अर्थात ती मुलं इंग्रजीत वाढलेली होती, आपल्याकडे प्रमाण कमी येतं. तरी टिंबाचा एक मोठा फायदा आहे : घसरलेली चूक आणि न कळलेली चूक वेगळी होते. टिंब पाहून माणूस ‘अरेच्चा’ म्हणाला आणि सुधारून मोकळा झाला, तर ती नुसती घसरली होती, तिच्यावर भाषण नको. टिंबाकडे बघत बसला, तर तिथं शेजारी जाऊन बसायचं आणि समजावायचं. भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी 1967 मध्येच हा फरक नीट मांडला होता. सगळ्या चुकांना एकच औषध देणारे आपण मात्र अजून आहोत.

व्याकरणाच्या दुरुस्त्या मुळात द्याव्यातच का, यावरही भांडणं झाली आहेत. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जॉन ट्रस्कॉट यांनी 1996 मध्ये सरळ लिहिलं की हे बंद करा, याचा उपयोग नाही, उलट तोटाच आहे. डेना फेरिस यांनी 1999 मध्ये त्यांना उत्तर दिलं, आणि पुढं बरीच वर्षं ते चाललं. मी ट्रस्कॉटांच्या बाजूला पूर्ण गेलो नाही, कारण आमच्या लोकांना दुरुस्ती हवी असते. न दिली तर ‘सर लक्ष देत नाहीत’ म्हणतात. पण सगळी दिली तर वही उघडत नाहीत. मधलं काहीतरी काढावं लागतं.

जास्त दुरुस्ती कशी अंगाशी येते त्याचा माझाच किस्सा सांगतो. 2019 ची गोष्ट, कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते वर्ष. पापाची तिकटीजवळ दुकान असलेले एक व्यापारी माझ्या संध्याकाळच्या वर्गाला यायचे. परदेशातल्या एका गिऱ्हाइकानं विचारलं होतं, चपला कुठं बनतात? यांनी आपल्या इंग्रजीत लिहिलं होतं, ‘सम चप्पल वी मेक. सम कम फ्रॉम अथणी साइड. बोथ आर सेम गुड.’ मला मोठा उत्साह. मी बसून त्याचा झकास मेल केला. ‘वी टेक इमेन्स प्राइड’पासून सुरुवात, मध्ये परंपरा, वारसा, कारागिरी. त्यांनी तो पाठवला. दहा दिवसांनी वर्गात आले आणि म्हणाले, ‘सर, पत्र एक नंबर झालं बघा. पण त्याला जे उत्तर आलंय ते मला वाचता येईना झालंय.’ गिऱ्हाइकानं माझ्याच तोडीचं इंग्रजी परत पाठवलं होतं. त्यात शेवटी तोच प्रश्न होता, पण चपला नक्की कुठं बनतात? कारण माझ्या सुंदर मेलमध्ये कर्नाटकातली अथणीच गळाली होती. मानांकनात तर कर्नाटकातले चार आणि महाराष्ट्रातले चार असे आठ जिल्हे आहेत, लपवायचं काहीच नव्हतं. त्या माणसाची तीन वाक्यं प्रामाणिक आणि पुरेशी होती. ‘सेम गुड’चं ‘इक्वली गुड’ एवढं केलं असतं तरी भागलं असतं. तेव्हापासून कुणाचंही वाक्य माझ्या तोंडासारखं वाजू लागलं की मी पेन्सिल खाली ठेवतो.

कुठल्या चुकांना हात लावायचा नाही, तेही सांगतो. ‘कझिन ब्रदर’ राहू द्या. चुलतभाऊ आणि चुलतबहीण यांत फरक करणाऱ्या माणसाला ‘कझिन’ अर्धवटच वाटणार. ‘डू द नीडफुल’वर आजकाल इंटरनेटवर विनोद होतात, पण ते साहेबाच्याच दप्तरातून आपल्याकडे आलंय, आणि इथल्या ऑफिसात ते बिनबोभाट चालतं. वाचणारा लंडनचा असेल तर बदला, कागलच्या पंचतारांकित वसाहतीतला असेल तर बदलून उपयोग नाही. अर्जात ‘विथ रेफरन्स टू अबव्ह सब्जेक्ट’ आलं की समजायचं, ‘वरील विषयास अनुसरून’ बोलतंय. तिथं मी चूक धरत नाही, एवढंच विचारतो, ‘विषय वर लिहिलाय ना? मग पुन्हा कशाला? सरळ कामाचं बोला.’ ‘वर्किंग सिन्स टेन इयर्स’ मात्र नोकरीच्या अर्जात खटकतं, ते सुधारा. ‘दहा वर्षांपासून’ मधला ‘पासून’ तिथं बोलतोय. किती काळ सांगायचं तर ‘फॉर’, कधीपासून ते सांगायचं तर ‘सिन्स’. आणि त्याच्या मागचं ‘आय ॲम वर्किंग’चं ‘आय हॅव बीन वर्किंग’ करायला लावा, पण ते पुढच्या रविवारी.

गुण देत असाल तर बंद करा. रूथ बटलर यांनी 1988 मध्ये इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर प्रयोग केला होता. नुसता शेरा मिळालेली मुलं पुढं सुधारली. शेऱ्यासोबत गुणही दिले, तर शेऱ्याचा फायदा गेला, सगळं लक्ष आकड्याकडे. मोठी माणसं याबाबतीत मुलांपेक्षा वेगळी असतात असं मला कधी दिसलं नाही. उलट शेजारच्याचा आकडा अधिक बारकाईनं बघतात.

‘गुड’ही बंद करा. ‘गुड’ म्हणजे काय? या पानावर काय चांगलं आहे ते बोट ठेवून सांगा. ‘सिटिंग निअर फायर’ या तीन शब्दांत मला तो पोरगा दिसला. हे लिहा. स्तुती खोटी आहे की खरी हे माणसाला लगेच कळतं, दुकानात रोज गिऱ्हाईक बघणाऱ्याला तर नक्कीच.

एक धोका मात्र आहे. चारचौघांत कुणाचं वाक्य वाचून दाखवू नका, नाव न घेताही नको. दहा जणांत अक्षर सगळ्यांना ओळखू येतं. तुम्ही ‘कुणीतरी असं लिहिलंय’ म्हणालात की फोरमन खाली बघतो आणि शेजारी बसलेली भाची वर. समजावायचंच असेल तर तुमच्या स्वतःच्या नावानं एक वाक्य फळ्यावर चुकवा. मी दर रविवारी एक चुकवतो. मंडळी ते शोधायला टपून बसतात आणि मला दुरुस्त करताना त्यांना जो आनंद होतो, तो बघण्यासारखा असतो.

हल्ली काहीजण फोनमधून, चॅटजीपीटीतून गुळगुळीत परिच्छेद करून आणतात. पकडल्यासारखं करू नका. त्यातला एखादा अवघड शब्द घेऊन विचारा, ‘हा इथं का टाकला?’ सांगता आलं तर ठीक, नाही तर हसून दोघंही समजतात. वर्गात वीस मिनिटं हातानं लिहून घेतली की तो प्रश्न बराचसा मिटतो.

आता गळालेली माणसं. सगळ्यांना ‘या ना’ असा एकच निरोप पाठवू नका, तो लग्नपत्रिकेसारखा वाटतो. या गृहस्थांपासून सुरुवात करा. फोन करू नका, वही तुमच्याकडे असेलच. त्या पानावरची लाल शाई आता जायची नाही, म्हणून पुढच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं एवढंच लिहा, सोप्या इंग्रजीत, आणि वही घरी नेऊन द्या :

‘तुमचे वडील गुळव्या होते हे वाचून मला माझ्या गावचं गुऱ्हाळ आठवलं. जाळाजवळ बसलेला मुलगा मला दिसला. त्या रात्री काय झालं? वडिलांनी तुम्हाला परत का नेलं नाही?’

तुमच्या गावाला गुऱ्हाळ नसेल तर पहिलं वाक्य गाळा, खोटं लिहू नका. वडिलांना उद्देशून ‘ही’ एकदा तरी वापरा, वेगळी खूण न करता, म्हणजे तो वाचता वाचता डोळ्यांखालून जाईल. आणि उत्तर आलं की मलाही कळवा. त्या पोराला त्या रात्री भाजलं होतं, की बापाला त्यानं गुळव्या व्हायलाच नको होतं, हे काल रात्रीपासून माझ्या डोक्यात घोळतंय.